पुढच्या आपत्तीत शिधावाटपाचे केंद्र म्हणून चर्चची नोंद व्हावी का?

शहापूरकर

पुढच्या साथीसाठी किंवा पुरासाठी तालुक्याचे आराखडे तयार होतील, तेव्हा शिधावाटपाची केंद्रे म्हणून मठ, मशिदी आणि देवळे यांच्याबरोबर चर्चचीही अधिकृत नोंद व्हावी, असे माझे मत आहे. विरोधी मते असणार हे ठाऊक आहे, म्हणूनच हा धागा काढत आहे.

कोरोनाच्या काळात सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे खोटेपणाचे होईल. २५ मार्च २०२० पासून टाळेबंदी लागू झाली आणि लगेच प्रधानमंत्री गरीब कल्याण अन्न योजनेतून दरमाणशी ५ किलो धान्य व दर कुटुंबामागे १ किलो डाळ मोफत देण्याचे जाहीर झाले. मे महिन्यात कर्नाटक सरकारने न्हावी व परीट यांना प्रत्येकी ५,००० रुपये आणि हातमाग विणकरांना २,००० रुपये देऊ केले. पण ही सगळी मदत याद्यांवरून चालत होती, आणि आमच्या बेळगावच्या शहापूर, वडगाव, खासबाग भागात कोणत्याच यादीत न बसणारी माणसे पुष्कळ आहेत. ज्याच्या नावावर यंत्रमाग असतो त्याची कुठेतरी नोंद सापडते; त्याच मागावर मजुरीने राबणाऱ्याची आणि घरी बसून कांड्या भरणाऱ्या बाईची सापडतेच असे नाही. ऐन लग्नसराईत साड्यांची उचल थांबली, माग बंद पडले, आणि ज्यांच्याकडे बीपीएल कार्ड नव्हते अशी घरे उधारीवर आली.

अशा घरांपर्यंत जे पोचले, त्यांत चर्चची माणसे होती. त्यांच्या किटमधील तांदूळ, तूरडाळ, तेल, तिखट, मीठ, साखर, चहापूड आणि साबण एवढ्यावर चार माणसांचे घर पंधरा दिवस रेटता येते. चर्चला हे जमले त्यामागे दया आहेच, पण त्याहून अधिक चर्चची रचना आहे. प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, कुटुंबवार नोंदवही असते, धान्य उतरवायला सभागृह असते, आणि जोडीला शाळा असली तर शेकडो घरांचे पत्ते हाताशी असतात. बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचे काम १८२० मध्ये सुरू झाले, सेंट पॉल्स हायस्कूल १८५६ चे आहे, आणि कॅथलिक धर्मप्रांत १९५३ पासून आहे. या शाळांतून शिकून गेलेल्यांत ख्रिस्तेतरच बहुसंख्य असल्यामुळे चर्चची ओळख केवळ ख्रिस्ती घरांपुरती राहिलेली नाही. ही तयार यंत्रणा बाजूला ठेवून दर वेळी नव्याने स्वयंसेवक गोळा करत बसणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

निपाणीकर

माझा विरोध धान्य देण्याला नाही, अधिकृत नोंदीला आहे. खासगी संस्थेने स्वतःच्या पैशाने कोणालाही जेवू घालावे. मात्र सरकारी आराखड्यात तिचे नाव आले की उपाशी माणसाला तिच्या दारात जाण्यावाचून पर्याय उरत नाही, आणि ते दार श्रद्धेचा प्रसार करणाऱ्या संस्थेचे असेल तर त्याच्या संमतीला अर्थ राहत नाही.

हा आक्षेप आजचा नाही. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात आंध्रातील ओंगोल येथील बाप्टिस्ट मिशनरी क्लॉ यांनी बकिंगहॅम कालव्याच्या खोदाईचे काम मिळवून हजारो दलितांना मजुरी दिली, आणि भुकेपोटी धर्मांतर केल्याचा ठपका येऊ नये म्हणून दुष्काळ सरेपर्यंत बाप्तिस्मा देणे थांबवले. त्यानंतर ३ जुलै १८७८ या एका दिवशी २,२२२ जणांचा बाप्तिस्मा झाला. क्लॉ यांच्या प्रामाणिकपणावर मी शंका घेत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की प्रामाणिक माणसाने मुद्दाम अंतर ठेवूनही उपकाराची जाणीव आपले काम करत राहते.

शहापूरकर ज्या नोंदवहीचे कौतुक करतात, तिचीच मला भीती वाटते. धान्य संपते, पण नाव, पत्ता आणि फोन नंबर वहीत राहतात, आणि साथ ओसरल्यावर त्याच पत्त्यावर प्रार्थनेचे निमंत्रण घेऊन कोणी येते. आमच्याकडे तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बायकांनी १९८० च्या सुमारास स्वतःची संघटना उभी केली आणि हक्क मागून घेतले. यादीत नाव नसेल तर ते घालून घेण्यासाठी भांडावे, हा निपाणीचा रिवाज आहे.

खानापूरची शिक्षिका

निपाणीकर, आपल्या संघटनेबद्दल मला आदर आहे. परंतु संघटना उभी राहायला वर्षे लागतात आणि पोट आठवडाभरही थांबत नाही.

आमच्या तालुक्यातील जांबोटी, कणकुंबी, लोंढा या पट्ट्यातली कितीतरी माणसे गोव्यात हॉटेलांत आणि बांधकामांवर कामाला असतात. टाळेबंदी झाली तेव्हा माणूस घाटाखाली आणि रेशन कार्ड घाटावर अशी अनेकांची स्थिती होती. एक देश एक रेशन कार्ड ही सोय १ जानेवारी २०२० पासून ज्या १२ राज्यांत सुरू झाली, त्यांत कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र ही तिन्ही राज्ये होती, म्हणजे कागदावर गोव्यातल्या दुकानातही धान्य मिळायला हवे होते. प्रत्यक्षात आधारची जोडणी नाही, अंगठा उमटत नाही, मुळात अशी सोय आहे हेच मजुराला माहीत नाही, अशी अडथळ्यांची रांग होती. कार्ड नसलेल्या स्थलांतरितांसाठी वेगळे ५ किलो धान्य जाहीर झाले ते मे महिन्याच्या मध्यावर, आणि तेही दोनच महिन्यांसाठी. त्याच सुमारास, १८ मे रोजी, कर्नाटकाने महाराष्ट्रासह चार राज्यांतून येणाऱ्यांना महिनाअखेरपर्यंत प्रवेश बंद केला, तेव्हा सीमेवरील कोगनोळी नाक्यापलीकडे अडकलेल्यांची काय अवस्था झाली असेल, हे आपल्याला निपाणीत बसून अधिक ठाऊक असणार.

संमतीच्या मुद्द्यावर मी आपल्याशी सहमत होऊ शकत नाही. लिंगायत मठांत दासोह चालतो, गुरुद्वारात लंगर चालतो, आणि तिथे जेवून आलेल्याने धर्म विकला असे आपण कधी म्हणत नाही. मग चर्चमधला तांदूळ घेतलेल्या बाईलाच आपण बुद्धी नसलेली का समजावे? माझ्या माहितीतल्या कित्येक घरांनी तो तांदूळ घेतला आणि श्रावणात सोमवारही नेहमीप्रमाणे पाळले.

कॅम्पमधून

मी कॅथलिक आहे, घरी कोंकणी आणि बाहेर मराठी बोलतो. या चर्चेत दोन्ही बाजूंनी ‘चर्च’ या एकाच नावाखाली सगळ्यांना कोंबले आहे, ते मला खटकते. कॅथलिक, मेथडिस्ट, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया आणि एखाद्या भाड्याच्या खोलीत भरणारी स्वतंत्र प्रार्थनासभा, यांचा कारभार, हिशेब आणि प्रचाराची पद्धत सारखी नाही.

शिवाय चर्चकडे परदेशी पैशाची खाण आहे असा जो समज आहे, त्याबद्दलही बोलायला हवे. प्रार्थनास्थळे ८ जूनपर्यंत बंद होती, त्यामुळे रविवारची दानपेटीही बंद होती. सप्टेंबर २०२० मध्ये परदेशी देणग्यांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन एका संस्थेला आलेला असा निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवण्यास मनाई झाली. गावातल्या छोट्या पॅरिशच्या किटमध्ये जे होते, ते बहुधा तिथल्याच दुकानदाराने, पेन्शनरने किंवा आखातातल्या मुलाने दिलेले होते. आमच्यातही गरजू होतेच, आणि आधी आपल्यांना की आधी शेजाऱ्यांना, यावर आमच्यात चांगलीच खडाजंगी झाली.

निपाणीकरांची एक गोष्ट मात्र मी जशीच्या तशी मान्य करतो. उजवा हात काय देतो ते डाव्या हाताला कळू नये, अशी शिकवण असलेल्या माणसांनी किट हातात देऊन, मास्क खाली ओढायला लावून फोटो काढावेत, हे मला आजही लाजिरवाणे वाटते. अर्थात हा दोष आमचा एकट्याचा नव्हता. नगरसेवकांपासून क्लबांपर्यंत सर्वांनीच हौस भागवून घेतली.

निपाणीकर

बाई, दासोहाची तुलना पुरी पडत नाही, कारण मठाच्या पंगतीत नाव लिहून घेत नाहीत. मी बोललो ते वहीबद्दल. ती वही वाटप संपताच ग्रामपंचायतीच्या किंवा महानगरपालिकेच्या ताब्यात द्यावी, म्हणजे सुटलेली नावे रेशनच्या यादीत घालता येतील. ही अट मान्य असेल तर माझा निम्मा विरोध संपेल.

खानापूरची शिक्षिका

अट ऐकायला रास्त आहे, पण तिचा परिणाम पाहा. २३ डिसेंबर २०२१ रोजी आपल्याच बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात धर्मांतरविरोधी विधेयक विधानसभेने मंजूर केले, आणि त्यात आमिषाच्या व्याख्येत भेटवस्तू, पैसा, वस्तुरूप लाभ, इतकेच नव्हे तर धार्मिक संस्थेच्या शाळेतले मोफत शिक्षणही घातलेले होते. पुढे त्याचा कायदा झाला आणि जून २०२३ मध्ये नव्या मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचे ठरवले. परंतु असा कायदा उद्या पुन्हा येणार नाही याची हमी कोण देणार? चर्चकडून तांदूळ घेतलेल्या घरांची यादी सरकारी कपाटात पडून राहिली, तर ती रेशनसाठीच उघडली जाईल असे मला तरी वाटत नाही. चौकशीला सामोरे जावे लागेल ते त्या कांड्या भरणाऱ्या बाईला.

शहापूरकर

मग वही कोणाकडेच राहू नये. वाटपाच्या टेबलावर पंचायतीचा माणूस बसवावा, त्याने तिथल्या तिथे कार्डाचा अर्ज भरून घ्यावा, आणि तो अर्ज सरकारी म्हणून सरकारकडे जावा; धान्य कोठून मिळाले हे त्यावर लिहू नये, आणि चर्चने फक्त पोती मोजून हिशेब द्यावा, नावे ठेवू नयेत.

कॅम्पमधून

पोत्यांचा हिशेब आम्ही देऊ. पण नावाशिवाय वाटले तर एकच घर तीनदा येते आणि गल्लीच्या टोकाचे घर राहून जाते, हे आम्ही पहिल्याच आठवड्यात पाहिले होते.

निपाणीकर

त्यासाठी बोटाला शाई लावा. मतदानाला चालते, तर इथेही चालेल.