प्रतिसाद: गुडघ्याची गादी किती झिजली ते रक्तात कळतं का?
वर विचारलंय की आईचा आरए फॅक्टर निगेटिव्ह, सीआरपी पण नॉर्मल, मग गुडघे का दुखतात. अहो त्या टेस्ट रुमेटॉइड संधिवात (आमवात) नि सुजेच्या, कूर्चा म्हणजे ती गादी किती झिजली हे त्यात दिसतच नाही. कूर्चेचे मार्कर वेगळे, रक्तात कॉम्प नावाचं प्रोटीन आणि लघवीत सीटीएक्स-२, म्हणजे टाइप २ कोलॅजन (कूर्चेतलं मुख्य प्रोटीन) तुटलं की त्याचे जे तुकडे सुटतात ते. पण गंमत अशी की कॉम्प नुसतं चाललं तरी वाढतं, म्हणजे काकू सकाळी पर्वतीची टेकडी चढून उतरून तशाच लॅबमधे गेल्या तर आकडा वर, जरा वेळ निवांत बसवून सॅम्पल घेतलं तर खाली. आणि सीटीएक्स-२ सकाळी जास्त संध्याकाळी कमी. शिवाय आकडा सगळ्या अंगाचा, उजवा गुडघा की डावा की मणके ते सांगत नाही, कॉम्प तर टेंडनमधेही (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीत) असतं. म्हणून हे सगळं अजून मुख्यतः रिसर्चपुरतंच, बाकी निदान डॉक्टरांच्या तपासणीवर नि उभं राहून काढलेल्या एक्स-रेवर (झीज किती ते एक्स-रेवरून ठरवायची ती केलग्रेन-लॉरेन्स ग्रेड १९५७ पासून चालूच आहे, आणि एक्स-रेत पण गादी दिसत नाही बरं का, फक्त हाडांमधली फट दिसते). कुणी पॅकेजमधे असलं काही गळ्यात मारत असेल तर आधी विचारा, रिपोर्ट आल्यावर ट्रीटमेंटमधे नेमकं काय बदलणार?