चारशे पानांसाठी प्रिंटर नको
दादा, ट्रॅक्टरच्या मॅन्युअलच्या (माहितीपुस्तिकेच्या) ४०० पानी पीडीएफसाठी घरीच प्रिंटर घेऊ का, असं विचारलंत. एवढ्यासाठी नका घेऊ. इंकजेट तर नकोच. वापर नसला की शाई वाळते, अन् आपल्या विदर्भातला उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. तालुक्याला कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे जा, ठोक भाव आधीच ठरवा. आधी मोबाइलवर पीडीएफ चाळा: कंपन्या एकाच फाइलीत चार-पाच भाषा कोंबतात, नको ती पानं वगळा. एका बाजूला दोन पानं घेऊन पाठपोट काढली, की ४०० पानं १०० कागदांत बसतात. वायरिंगचा नकाशा मात्र पूर्ण पानावरच घ्या, नाहीतर बारीक आकडे वाचताच येत नाहीत. स्पायरल करून वर प्लास्टिक लावा, ग्रीसचे हात लागणारच.