बाहेरून सीटीओ आणणं पुरेसं नाही

प्रत्येक सरकारी खात्यात खासगी कंपनीतला अनुभवी सीटीओ, म्हणजे तंत्रज्ञान प्रमुख, नेमावा अशी एक सूचना आहे. माणूस जाणकार हवाच, पण त्याला खात्याचं काम आतून कळलं पाहिजे. सातबाऱ्याचंच बघा. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. ई-फेरफारची, म्हणजे जमिनीच्या नोंदींतले बदल ऑनलाइन करायची, प्रणाली एनआयसीने (केंद्र सरकारच्या राष्ट्रीय माहितीविज्ञान केंद्राने) बनवली, पण प्रकल्प हाकला तो पुण्याच्या जमाबंदी आयुक्त कार्यालयाने. हस्तलिखित आणि संगणकीकृत सातबारा जुळत नव्हता, तिथे नुसता कोड बदलून भागणार नव्हतं. जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदाराचा आदेश लागायचा. ही वाट महसूल खात्यात मुरलेल्या माणसालाच दिसते.

मला जास्त काळजी वाटते ती मुदतीची. महाराष्ट्राच्या २००५ च्या बदल्यांच्या कायद्यात पदावधी सर्वसाधारणपणे ३ वर्षांचा आहे, सनदी अधिकाऱ्यांनाही. तरी मुदतपूर्व बदल्या होतातच. मग निविदा काढणारा एक, काम ताब्यात घेणारा दुसरा, देखभालीचा करार संपताना तिसराच! तंत्रज्ञान प्रमुखाची नेमणूक प्रकल्पाच्या मुदतीइतकी करा. आणि सोर्स कोड व विदा (डेटा) शासनाच्याच मालकीचा राहील, ही अट निविदेत घालायचा अधिकार त्याला द्या.