‘बेत बारगळला’ की ‘बेत सोडला’?

मिरजवाली सिस्टर:
नमस्कार. नर्सिंग मिरजेत केलं. पुण्यात एका हॉस्पिटलात नोकरी पक्की झाली होती, कोथरूडला खोली बघून आठ हजार डिपॉझिटही भरलं होतं. तेवढ्यात जतकडच्या एका लहान दवाखान्यात माणूस हवंय असं कळलं. महिनाभर प्रार्थना केली आणि तिकडे जायचं ठरवलं. आता रविवारी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये सगळ्यांसमोर, ‘साक्ष’ द्यायची आहे, आपला अनुभव सांगायचा आहे. मी लिहिलं, ‘प्रभूच्या इच्छेमुळे माझा पुण्याचा बेत बारगळला.’ पाळकसाहेबांनी ‘बारगळला’भोवती पेन्सिलीनं गोल काढला आणि कागद परत दिला. बोलले काहीच नाहीत. काय चुकलं?

वाईकर:
बेत आपोआप बारगळतो. एसटी चुकली, पाऊस लागला, पाहुणे टपकले की महाबळेश्वरचा बेत बारगळतो. फसतो, फिसकटतो, मोडतो ही सगळी त्याच घरातली. तुमचा बारगळला कुठे? पुण्याची नोकरी होतीच की. ‘सोडला’ लिहा.

सांगलीकर:
‘पुण्यावर पाणी सोडलं’ कसं वाटतं? दान देताना हातावरून उदक सोडतात, त्यावरून आलेला वाक्प्रचार. म्हणजे हक्क सोडला, परत मागायचं नाही.
(आमच्याकडे पाणी सोडलं म्हटलं की लोक आधी कोयना धरणाची बातमी बघतात आणि मग आयर्विन पुलाची पातळी, ही गोष्ट वेगळी. २०१९च्या महापुरानंतर तर जास्तच.)

वाईकर:
मूळ छान आहे, पण आज त्यात हळहळ शिरलीय. ‘जमिनीवर पाणी सोडावं लागलं’ असंच म्हणतो आपण. ‘लागलं’ चिकटून येतंच.

सातारकर (निवृत्त मास्तर):
पोरी, साहेबांचा गोल बरोबर जागी आहे. पण मला तुझी ‘प्रभूच्या इच्छेमुळे’ जास्त खटकली.

आपल्या बोलण्यात ‘देवाची इच्छा’ कधी येते बघ. मयतीला. पीक गेल्यावर. म्हणजे सगळं होऊन गेल्यावर, आणि तेही क्रियापदाशिवाय: ‘देवाची इच्छा!’ पुढे उसासा. नाहीतर टाळायला. लग्नाला येणार का विचारलं आणि ‘बघू, देवाच्या मनात असेल तर’ असं उत्तर आलं, की वाढप्यानं एक पान कमी धरावं. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात, चौथ्या अध्यायात, हेच वाक्य व्यापाऱ्यांना शिकवलंय: अमक्या शहरी जाऊ, वर्षभर राहू, पैसा मिळवू असं म्हणू नका, प्रभूची इच्छा असेल तर करू म्हणा. तिथे ते टाळण्यासाठी नाही. हळदीच्या सौद्यात उभं राहून कुणी ते मनापासून म्हणून बघावं.

प्रभूच्या प्रार्थनेत मात्र ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ आहे. ‘होवो’ हा आज्ञार्थ, तृतीय पुरुष. व्हायचं अजून बाकी आहे. म्हणून ‘इच्छेमुळे’ काढ, ‘इच्छेप्रमाणे’ घाल. ‘मुळे’ लावलं की देव कारण होतो, रस्त्यात पडलेल्या दरडीसारखा.

दुसरं. ‘आत्मत्याग करावा, वधस्तंभ उचलावा’ हे मत्तयाच्या शुभवर्तमानातलं, सोळाव्या अध्यायातलं वाक्य तुला पाठ असेल. तिथलं ग्रीक क्रियापद अपार्नेओमाइ, म्हणजे नाकारणे. प्रभूचा शिष्य पेत्र कोंबडा आरवण्याआधी तीनदा प्रभूला नाकारेल असं मत्तय २६ मध्ये सांगितलंय, तिथेही हेच. पेत्र काय म्हणाला? ‘मी त्या माणसाला ओळखत नाही.’ आता हेच वाक्य स्वतःबद्दल म्हणून बघ. ‘आत्मत्याग’ फार पांढरा शुभ्र शब्द झालाय, सत्काराच्या शालीसारखा. ‘नाकारणे’ बोचतं.

सांगलीकर:
मास्तर, मग पुणं आवडत होतं हे तिनं लिहायचंच नाही?

सातारकर (निवृत्त मास्तर):
लिहायचं! गेथशेमाने बागेत प्रभूनं आधी हा दुःखाचा प्याला दूर कर म्हटलंच ना? मग ‘माझ्या इच्छेप्रमाणे नको’. ‘माझी इच्छा’ हा शब्द त्यानं वगळला नाही. इच्छाच नव्हती म्हणणारा सोडतो काय, कप्पाळ?

आमच्या साताऱ्याचंच उदाहरण देतो. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि इथे ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यांची नोकरी गेली असं कुणी म्हणत नाही, सोडली म्हणतात. आणि शब्द बघ कुठला उचलला. मराठ्यांच्या राजधानीच्या गावात राहून ‘दरबार’. दरबारात आपला बेत सांगायचा असतो, हुकूम तिथून निघतो.

वाईकर:
प्रेषित पौलाचा बेत मात्र अडवला गेला होता. प्रेषितांच्या कृत्यांत, सोळाव्या अध्यायात. बिथुनिया प्रांताला निघाला, पवित्र आत्म्यानं जाऊ दिलं नाही, मग त्रोवसला रात्री मासेदोनियाचा माणूस दृष्टांतात दिसला, ‘इकडे ये’ म्हणाला. तिथे ‘बारगळला’ चालेल का?

सातारकर (निवृत्त मास्तर):
अर्धा. बिथुनिया बारगळलं. मासेदोनियाला तो स्वतःच्या पायांनी गेला.

मिरजवाली सिस्टर:
असं केलंय, बघा: ‘पुण्याला जायची माझी फार इच्छा होती. तो बेत मी सोडला. पुढचं प्रभूच्या इच्छेप्रमाणे होवो.’ आणि एक राहिलं. खोलीवाल्यांनी डिपॉझिट परत दिलं नाही. ‘डिपॉझिटही सोडलं’ लिहू का?

सातारकर (निवृत्त मास्तर):
ते सोडलं नाहीस, ते बुडालं. खरं तेच लिही.