हरभऱ्यावरील घाटेअळीतून निघालेल्या परोपजीवी माश्यांची ओळख

प्रश्न (दर्यापूर तालुका, जि. अमरावती):

नमस्कार. आमचा हरभरा खारपाणपट्ट्यातील (जिथे भूजल खारट असते त्या भागातील) कोरडवाहू काळ्या जमिनीत आहे. डिसेंबरच्या मध्यात, पीक फुलावर येण्याआधीच, शेंड्याच्या पानांवर घाटेअळीची (घाटे म्हणजे शेंगा पोखरणाऱ्या अळीची) पिल्ले दिसू लागली. त्यांपैकी १२ अळ्या मी वेगवेगळ्या डब्यांत ताजा पाला देऊन पाळल्या. एकत्र ठेवल्यास त्या एकमेकींना खातात, हे पहिल्याच रात्री कळले होते. आठवडाभरात ५ अळ्या सुस्तावल्या आणि प्रत्येकीच्या जागी एक लांबट, राखी-पांढरा, काळपट पट्टे असलेला कोष दिसला. अळीची सुकलेली कातडी कोषालाच चिकटून होती. ४ कोषांतून प्रत्येकी एक काळी, तांबूस पायांची, लांब मिशांची माशी निघाली. पाचव्यातून मात्र बऱ्याच उशिराने हिरवट चकाकीच्या ७ बारीक माश्या बाहेर पडल्या. हे दोन वेगवेगळे मित्रकीटक (किडीला मारणारे उपयोगी कीटक) समजायचे का? शिवाय आता ट्रायकोकार्ड (किडीच्या अंड्यांवर वाढणाऱ्या ट्रायकोग्रामा या बारीक परोपजीवी माशीची कार्डे) लावावीत की फवारणी करावी?

उत्तर १ (कीटकशास्त्राचा विद्यार्थी, अकोला):

नमस्कार भाऊ. आपण वर्णन केलेला कोष आणि हरभऱ्यावरील लहान घाटेअळी हे दोन्ही लक्षात घेता पहिली माशी बहुधा कॅम्पोलेटिस क्लोरिडी असावी. ती कोवळ्या अळीच्या शरीरात एकच अंडे घालते आणि अळी पूर्ण वाढून घाट्यांत शिरण्याआधीच मरते. तरीही केवळ रंगावरून नाव ठरवू नये. भिंगाखाली पुढचा पंख पाहावा: त्याच्या बाहेरच्या भागात मागच्या कडेकडे उतरणाऱ्या आडव्या शिरा दोन असतील तर माशी इक्न्यूमोनिडी कुळातील, आणि एकच असेल तर सहसा ब्रॅकोनिडी कुळातील. कॅम्पोलेटिस पहिल्या कुळात मोडते. ब्रॅकॉन हेबेटरसारख्या दुसऱ्या कुळातील माशीच्या अळ्या यजमान अळीला (जिच्यावर त्या वाढतात तिला) बाहेरून खातात आणि तिच्याजवळ अनेक कोष विणतात, त्यामुळे तो गोंधळ येथे होणार नाही.

त्या ७ बारीक माश्यांबद्दल मात्र सावध राहावे. मिशा कोपरासारख्या वाकलेल्या आणि पंखात शिरा जवळजवळ नाहीत, असे आढळल्यास त्या चाल्सिड या बारीक, बहुतेक परोपजीवी माश्यांच्या गटातील आहेत. घाटेअळीवर नव्हे, तर कॅम्पोलेटिसच्याच कोषावर त्या वाढल्या असाव्यात, म्हणजे मित्राच्या शत्रू. याची खूण कोषावरच सापडते: कॅम्पोलेटिस टोकाचे झाकण गोल कापून बाहेर येते, तर अशा माश्या बाजूला वेडेवाकडे बारीक छिद्र पाडतात. म्हणून रिकामा कोष व अळीची कातडी फेकू नका. एकाच लेबलखाली तारीख, गाव, पीक आणि अळीचे वय लिहून माशीसोबत ठेवा. नुकतीच निघालेली माशी लगेच अल्कोहोलमध्ये टाकू नये. पंख टणक होण्यासाठी तिला एक दिवस मधाच्या पाण्याचा बोळा देऊन जिवंत ठेवावे. प्रजातीची खात्री हवी असल्यास बंगळूरुच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोकडे नमुने पाठवता येतात.

उत्तर २ (शेतकरी, यवतमाळ जिल्हा):

ट्रायकोकार्डावर खर्च करू नये, असे माझे मत आहे. हरभऱ्याच्या पानांवर जी आंब (आंबट स्राव) सुटते, तिच्या आम्लामुळे ट्रायकोग्रामा या पिकात नीट काम करत नाही. मीटरभर ओळीत एक-दोन अळ्या मिळेपर्यंत पक्षीथांबे (अळ्या खाणाऱ्या पक्ष्यांना बसायला रोवलेल्या काठ्या) व ५ टक्के निंबोळी अर्कावरच थांबावे. तीव्र कीटकनाशक घाईने मारल्यास आपण पाळून पाहिलेल्या या माश्याही मरतील.

प्रश्नकर्ता:

आभारी आहे. भिंगातून पाहिले: ४ कोषांची टोके झाकणासारखी उघडलेली आहेत आणि पाचव्याच्या कुशीला बारीक छिद्र आहे. मात्र मोठ्या चारही माश्या मी एकाच बाटलीत ठेवल्यामुळे कोणती कोणत्या कोषातली, हे आता सांगता येणार नाही. उद्या आणखी २० अळ्या आणतो आणि यावेळी प्रत्येक डब्यावर आधीच चिठ्ठी लावतो. सध्या मीटरभर ओळीत सरासरी एकही अळी भरत नाही, त्यामुळे फवारणी लांबणीवर टाकली आहे.