प्रतिसाद: व्हेस्ट विकत घेण्याआधी अंगावर भार घेऊन बघा

कॅमेरा स्टॅबिलायझरचा (चालताना कॅमेरा स्थिर ठेवणाऱ्या यंत्रणेचा) भार अंगावर पेलणारा स्वस्त व्हेस्ट घातल्यावर दहा मिनिटांत खांदे भरून येतात, ही तक्रार बहुतेक वेळा मापाची असते. आधी सगळे पट्टे ढिले करा. कमरेचा पट्टा पोटावर नको, कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेवर बसला पाहिजे. मग कमरेचा पट्टा आणि छातीची प्लेट जोडणाऱ्या पुढच्या दांड्याची उंची लावा, कमर आणि छाती आवळा आणि खांदे शेवटी. खांद्याच्या पॅडखाली दोन बोटं सहज जायला हवीत. तिथे भार जाणवला तर दांडा आखूड पडतोय.

आता खरी परीक्षा. आर्म (व्हेस्टला जोडायचा स्प्रिंगचा हात) आणि तुमच्या नेहमीच्या वजनाचा रिग (कॅमेऱ्यासकट सगळा जोड) लावून निदान पंधरा मिनिटं चाला, वळा, जिने चढा. रिकामा व्हेस्ट सगळ्यांनाच छान बसतो! भार पुढे असल्यामुळे व्हेस्टचा वरचा भाग पुढे ओढला जातो. छातीची प्लेट अंगापासून सुटली किंवा पीळ घेऊ लागली, तर तो पुढचा दांडा लेचापेचा आहे. पट्टे कितीही आवळले तरी तो दोष जात नाही.

सॉकेट ब्लॉक, म्हणजे व्हेस्टवर आर्म जिथे बसतो तो ठोकळा, मुठीत धरून हलवा. तिथला केसभर प्ले (ढिलेपणा) आर्मच्या टोकाला बोटभर होतो, आणि तो फ्रेममध्ये दिसतो. आर्मचा कोन लावायचे स्क्रू घट्ट केल्यावर भाराखाली सरकतात का, तेही बघा. वेल्क्रो नवा असताना पकडतोच, म्हणून भार पेलणाऱ्या पट्ट्यांना बकल असलेलाच व्हेस्ट घ्या. पट्टा प्लेटला जिथे जोडलाय तिथली शिवण दुहेरी हवी. सुटते ती तिथूनच.