मदत हवी आहे: यात्रा 16 दिवसांवर, गावात दोन पावती पुस्तकं

माणदेशी_गडी
मंडळी, जरा लवकर सांगा, वेळ नाहीये. गावची यात्रा 16 दिवसांवर आली आणि गावात दोन पावती पुस्तकं फिरतायत. एक देवस्थान ट्रस्टचं, एक यात्रा कमिटीचं. दोन्हीवर देवाचा फोटो तोच, शाई तेवढी वेगळी. आमच्या घरी दोन्ही येऊन गेली. आईने दोघांनाही पाचशे-पाचशे दिले, आता दोन्हीकडचे तिच्याशी बोलत नाहीत.
पोलीस स्टेशनला गेलो तर म्हणाले, एकमत करून या, नाहीतर पालखी आणि कुस्त्या दोन्हीला परवानगी नाही. वाद पालखीच्या वाटेवरून आहे. हलगीवालेपण अडून बसलेत. मी पुण्यात असतो, शनिवार-रविवारच गावी जायला जमतं.
प्रश्न एवढाच की अर्ज कुणाकडे करायचा? तहसीलदार, धर्मादाय आयुक्त की एसपी ऑफिस? नमुना असेल तर टाका. राजकारण नको प्लीज.

कोपरखळी
गावची यात्रा आणि राजकारण नको! बरं. तालुका नाही, ट्रस्ट नोंदलेला आहे का ते नाही, निवडणूक कधी झाली ते नाही. नुसता नमुना घेऊन काय पूजा करणार?

वकीलबाई_सातारा
आधी धर्मादाय कार्यालयातून ट्रस्टच्या परिशिष्ट 1 चा, म्हणजे नोंदणीचा उतारा काढा. त्यावर ज्यांची नावं तेच विश्वस्त. मध्यंतरी नवे निवडले असतील आणि विश्वस्त कायद्याच्या कलम 22 खालचा बदल अर्ज कुणी दाखल केला नसेल, तर कागदावर जुनेच, मग त्यातले दोघे वारलेले का असेनात. असं सर्रास असतं.
यात्रा कमिटी नोंदलेली नसेल तर वर्गणी गोळा करायला कलम 41 क ची परवानगी लागते, गणेश मंडळं दरवर्षी घेतात तीच. ती आहे का विचारा. एवढ्यावर एक पावती पुस्तक कदाचित आपोआप बंद होईल. भांडण मात्र मिटणार नाही.

बिनविरोध_बरं
सगळ्याचं मूळ निवडणूक. गाव बिनविरोध करा, असले धागे काढावे लागणार नाहीत. नगरचं आदर्श गाव हिवरे बाजार बघा.

कोपरखळी
हिवरे बाजारात 30 वर्षांनी, जानेवारी 2021 मध्ये मतदान झालं, तुम्हाला पेपर उशिरा मिळतो वाटतं. तिथल्या पोपटराव पवारांच्या पॅनेलने सातच्या सात जागा जिंकल्या आणि गाव काही बुडालं नाही. उलट त्याच वेळी 'बिनविरोध'च्या नावाखाली नाशिकमधल्या उमराण्यात सरपंचपदाचा लिलाव झाला, दोन कोटींच्या वर बोली गेली. निवडणूक आयोगाने तिथली आणि नंदुरबारमधल्या खोंडामळीची निवडणूकच रद्द केली. बिनविरोध म्हणजे दरवेळी एकमत नसतं राव, कधीकधी नुसती पावती असते.

बिनविरोध_बरं
अपवाद दाखवून नियम मोडत नसतो. आमच्या मामाच्या गावात तीन टर्म बिनविरोध आहे, एक तंटा नाही.

खडूस_आज्जी
तंटा नाही की तंटा बोलून दाखवायची सोय नाही? मामींना विचारा एकदा.

थेट_बांधावरून
सरपंचावर अविश्वास ठराव आणा. थेट निवडून आलेला असेल तर तीन चतुर्थांश सदस्य लागतात, वर ग्रामसभेत गुप्त मतदान. पहिली दोन वर्षं आणता येत नाही.

वकीलबाई_सातारा
अहो, त्यांनी यात्रेचं विचारलंय.

माणदेशी_गडी
सगळ्यांना एकदम उत्तर देतो. ट्रस्ट नोंदलेला आहे, आजोबांच्या वेळेपासून. कमिटीकडे 41 क बिक काही नसणार. निवडणूक डिसेंबर 2022 ला झाली. सरपंच थेट, कमिटीवाल्यांचा, 11 मतांनी आला. सदस्य 9, त्यातले 5 आपले. तेव्हापासून मासिक सभेत एक ठराव धड होत नाही. पाण्याच्या मोटरीच्या दुरुस्तीलासुद्धा दीड महिना लागला. पण त्याचा इथे संबंध नाही. अर्ज कुणाकडे, तेवढं सांगा.

कोपरखळी
'5 आपले'. आपले म्हणजे?

निवृत्त_फौजदार
पॅटर्न ओळखीचा आहे. थेट लोकांतून निवडलेला सरपंच 2017 ला आला, 2020 ला गेला, 2022 ला पुन्हा आला. सरपंच एका पॅनेलचा, बहुमत दुसऱ्याचं, म्हणजे गाडीला दोन बैल आणि दोघांची तोंडं दोन दिशेला. आधी निदान हरलेला पाच वर्षं गप्प बसायचा.
अर्ज म्हणाल तर शांतता बिघडण्याचा प्रश्न तालुका दंडाधिकारी म्हणून तहसीलदारांपुढे जातो. पूर्वी फौजदारी संहितेचं कलम 107 म्हणायचे, 1 जुलै 2024 पासून नव्या संहितेत 126. पण तुमच्या अर्जावर होणार काय, तर दोन्हीकडच्या दहा-दहा जणांकडून शांतता राखण्याचा बाँड लिहून घेतील. यादी आमच्याकडे तयारच असायची. बाँड दिलेला माणूस घरी जाऊन बायकोला सांगतो, त्याच्यामुळे मला तहसीलची पायरी चढावी लागली. पुढची दहा वर्षं तेच.
मी 31 वर्षं नोकरी केली. यात्रेतली मारामारी तमाशाच्या फडात कमी आणि पालखीपुढे जास्त बघितली. तेव्हा सांगा, हलगीवाले का अडलेत? एका ओळीत उडवलंय तुम्ही.

न्यूजर्सीकर
इकडेही तेच हो. आमच्या मंडळात अध्यक्षपदावरून दोन गट पडले, आता दोन दिवाळ्या होतात. फराळ मात्र एकाच काकूंकडून येतो. :)

माणदेशी_गडी
आपले म्हणजे... चुलते सरपंचकीला उभे होते. तेच ट्रस्टचे सचिव. मुद्दाम लिहिलं नव्हतं, कारण मी खरंच कुणाच्या बाजूचा नाही.
हलगीचं असं आहे की हलगी अण्णाभाऊ साठे नगरातले वाजवतात. त्यांची मागणी आहे की पालखी यंदा त्यांच्या वस्तीतून जावी. ट्रस्ट म्हणतो रस्ता अरुंद आहे, पालखी वळत नाही. सरपंचाने तिथे काँक्रीटचा रस्ता केलाय आणि तो म्हणतो तिथूनच नेणार. त्याचं सगळं मतांचं राजकारण आहे.

खडूस_आज्जी
अण्णाभाऊ साठे नगर हे नाव कधीपासून?

माणदेशी_गडी
2021 पासून असेल. सरकारने वस्त्यांची जातीवरची नावं बदलायला लावली तेव्हा पाटी लागली. गावात कुणी म्हणत नाही तसं.

खडूस_आज्जी
म्हणजे मातंग वस्ती. पिढ्यान्‌पिढ्या पालखीपुढे हलगी त्यांनी वाजवायची आणि पालखीने त्यांच्या दारात एकदाही जायचं नाही. याला तुम्ही 'वाटेवरून वाद' म्हणता? बाळा, तुझ्या पहिल्या पोस्टीत पावतीच्या शाईचा रंग आला, हे नाही आलं.

बिनविरोध_बरं
झालं, आली जात. प्रत्येक धाग्यात तेच.

निवृत्त_फौजदार
जात धाग्यात आली नाही साहेब, यात्रेत होतीच. धाग्यात आत्ता दिसली.

वकीलबाई_सातारा
गडी, एक स्पष्ट विचारते. हलगी नाही तर यांना शेतात कामाला बोलवू नका, दुकानातून उधारी देऊ नका, असं काही कुठल्या बैठकीत ठरलंय का? ठरलं असेल तर ट्रस्ट, पावती सगळं बाजूला ठेवा. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा 2016 चा कायदा आपल्या राज्यात 3 जुलै 2017 पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय अॅट्रॉसिटी वेगळी. चुलत्यांना आजच फोन करा.

माणदेशी_गडी
ठरलं असं नाही. बाहेरून बँजो सांगितलाय. आणि चुलते म्हणाले होते की यंदा कांदा काढायला शेजारच्या गावातून माणसं आणू. मला तेव्हा ते साधं वाटलं.

गडचिरोलीवाला
आमच्याकडे मेंढा (लेखा) मध्ये बहुमत चालत नाही, सर्वसहमती लागते. एकाचा जरी विरोध असेल तर विषय पुढे ढकलतात. पण लोक एक गोष्ट विसरतात. तिथे ग्रामसभेआधी अभ्यासगट बसतो. त्यात नुसतं बोलायचं, ठरवायचं काही नाही. हरणं-जिंकणं नसलं की माणसं ऐकतात.

कोपरखळी
मेंढा छोटं गाव, सगळे गोंड, एका समाजाचे. माणदेशात भाऊबंदकीत बांधावरून कोर्टात जाणारी माणसं. आणि '16 दिवसांवर' असताना विषय पुढे ढकलायचा कुठे?

गडचिरोलीवाला
मी सर्वसहमती आणा म्हटलंच नाही. ठराव न करता एकदा बसा, एवढंच म्हटलं. वस्तीवरच्या कुणाशी हे स्वतः बोललेत का?

तंटामुक्त_कार्यकर्ता
गावातले तंटे गावातच मिटवणाऱ्या तंटामुक्त समितीकडे द्या. 15 ऑगस्ट 2007 ला आर. आर. आबांनी मोहीम सुरू केली ती याचसाठी. आमच्या गावाने बक्षीस मिळवलंय.

माणदेशी_गडी
समितीचा अध्यक्ष म्हणजे सरपंचाचा साडू.

बैलगाडा_प्रेमी
यात्रेत शर्यत आहे का? तारीख कळवा. खोंड तयार आहेत.

माणदेशी_गडी
(रविवार रात्री) गावाहून आत्ताच आलो. मोठं लिहितोय.
शनिवारी वस्तीवर गेलो. खरं सांगतो, आयुष्यात तिसऱ्यांदा. हलगीवाले तात्या सत्तरीचे आहेत, माझ्या वडिलांच्या लग्नात त्यांनीच वाजवलीय. हलगी खुंटीला होती. गवऱ्या पेटवून शेकल्याशिवाय तिचा आवाज फुटत नाही, यंदा अजून शेकलेलीच नाही. मी म्हटलं, तात्या, रस्ता अरुंद आहे म्हणतात. तर म्हणाले, "मतं मागाया दोनी पॅनेल ह्याच रस्त्यानं आली, जीप घिऊन. तवा न्हाई अरुंद झाला." चहा दिला. मी प्यायलो, आणि ते बघायला दारात चार पोरं उभी होती.
मग टेप लावून मोजलं. पालखी खांदेकऱ्यांसकट सात फूट. रस्ता सगळीकडे अकरा फूट, एकाच ठिकाणी साडेआठ. तिथे एक ओटा पुढे आलाय. ओटा आमचा. चुलत्यांच्या जुन्या गोठ्याचा.
चुलत्यांना टेप दाखवली. ते काही बोलले नाहीत, जेवले पण नाहीत. काकू म्हणाली, पाडा की, त्यावर कुत्रं तेवढं बसतं.
रविवारी शाळेत बसलो, ठराव नाही, नुसतं बोलणं, गडचिरोलीवाल्यांनी सांगितलं तसं. पहिला तासभर 2022 ची मतमोजणीच चालली. 41 क चं मी सांगितल्यावर कमिटीने पुस्तक गुंडाळलं, पण अट घातली की ट्रस्टच्या पावतीवर सचिवाबरोबर त्यांच्याही माणसाची सही हवी. मान्य झालं. कांद्याला नेहमीची माणसं येणार, हे चुलत्यांच्या तोंडून सगळ्यांसमोर वदवलं. पालखीवर मात्र अडलं. ट्रस्टचे दोघे म्हणतात जाऊ दे पण थांबायची नाही. तात्या म्हणाले, "न थांबता जाणार असंल तर येऊच नका." गुरुवारी परत बसणार आहेत.

खडूस_आज्जी
बैठकीत बायका किती होत्या?

माणदेशी_गडी
काकू. चहा द्यायला आली होती.

खडूस_आज्जी
गुरुवारी तिला खुर्ची द्या. ओट्याचा निकाल तिनेच लावलाय.

वकीलबाई_सातारा
तो ओटा गावठाणातल्या सरकारी जागेवर असेल तर गुरुवारच्या आत काढा. अतिक्रमणावरून सदस्यत्व जातं, समोरच्यांनाही हे माहीत असणारच. आणि जे ठरेल ते लिहून, दोन्हीकडच्या आणि वस्तीवरच्याही सह्या घेऊन पोलीस स्टेशनला द्या. तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर तेच आहे, वेगळा नमुना नसतो.

कोपरखळी
सगळं झालं, तमाशा कुणाचा सांगितलाय?

माणदेशी_गडी
सुपारी दोघांनी दिलीये. दोन वेगळ्या फडांना, एकाच रात्रीची. त्याचा नवीन धागा काढतो.